दातांच्या फोटोमागचे हात

दातांच्या दवाखान्यात गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘एक छोटासा फोटो काढून घेऊ.’ आपण निमूटपणे ‘आ’ करतो. गालाच्या आत काहीतरी टोचणारं ठेवलं जातं, गालाबाहेर एक नळकांडं टेकवलं जातं. डॉक्टर खोलीबाहेर जातात, बारीकसा आवाज होतो आणि डॉक्टर परत येतात. सगळा मामला अर्ध्या मिनिटाचा. पण त्या अर्ध्या मिनिटात आपल्या मनात एक प्रश्न येऊन जातो. यात धोका नसेल, तर डॉक्टर बाहेर का गेले? आणि धोका असेल, तर मला एकट्यालाच खुर्चीत का बसवून ठेवलं?

हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. त्याच्या उत्तराला सव्वाशे वर्षांहून जुना इतिहास आहे आणि तो इतिहास माणसांच्या बोटांनी, हातांनी, काही वेळा प्राणांनी लिहिलेला आहे. मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञही नाही. बी.ए.पर्यंत शिकलेला, कवितेच्या वाटेने चालणारा माणूस. पण या इतिहासातली दोन माणसं मला फार जवळची वाटतात. दोघेही अमेरिकेतले, दोघेही दातांचे डॉक्टर. एकाने धोका वेळेवर ओळखून सगळ्यांना सांगितला, त्याचं कुणी ऐकलं नाही. दुसऱ्याने आपला हात गमावला. त्यांची गोष्ट आज सांगणार आहे.

माझा धंदा शब्दांचा, म्हणून सुरुवात शब्दांपासून करतो. आपल्याकडे खेड्यापाड्यांत आणि शहरांतही लोक ‘एक्स-रे काढला’ असं म्हणतात, तसंच ‘फोटो काढला’ असंही म्हणतात. हा ‘फोटो’ शब्द सोपा आहे, पण थोडा फसवा आहे. फोटोवाला आपल्या अंगावरून परत आलेला उजेड तेवढा टिपतो. आपल्या आत तो काही पाठवत नाही. एक्स-रेचं तसं नाही. तिथे किरण आपल्या शरीरात पाठवावे लागतात. काही आरपार जातात, काही हाडांत आणि दातांत अडतात, आणि जे अडले त्यांची सावली उमटते. म्हणजे एक्स-रे हे चित्र नव्हे, ती सावली आहे. आणि सावली पाडण्यासाठी जे किरण आत अडकले, ते आपली थोडी ऊर्जा तिथल्या पेशींना देऊन जातात. सगळा प्रश्न या थोड्याशा ऊर्जेचा आहे.

दुसरा शब्द ‘क्ष-किरण’. 8 नोव्हेंबर 1895 रोजी जर्मनीतल्या वुर्ट्सबुर्ग शहरात प्राध्यापक विल्हेल्म राँटजेन यांना आपल्या प्रयोगशाळेत हे किरण सापडले. ते नेमके काय आहेत हे कळेना, म्हणून त्यांनी त्यांना ‘एक्स’ म्हटलं. बीजगणितातली अज्ञात राशी. मराठी शाळेत आपण तिला ‘क्ष’ म्हणतो. अरब गणिती या अज्ञात राशीला ‘शय’ म्हणत, म्हणजे ‘वस्तू’. उर्दू शायरीतही हा शब्द आपल्याला भेटतो. राँटजेन यांचा प्रामाणिकपणा पाहा. जे माहीत नाही, त्याच्या नावातच ‘माहीत नाही’ अशी कबुली ठेवली. पुढच्या मंडळींनी मात्र नाव ‘क्ष’ ठेवलं आणि वागायला लागले असे, की जणू सगळंच माहीत आहे.

राँटजेन यांनी आपला निबंध डिसेंबर 1895 च्या अखेरीस सादर केला. पत्नीच्या हाताची हाडं आणि बोटातली अंगठी दाखवणारा फोटो जगभर गेला. या शोधाचं पेटंट त्यांनी घेतलं नाही, तो सर्वांसाठी खुला ठेवला. 1901 साली भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. शोध खुला असल्यामुळे कुणीही विजेची गुंडाळी आणि काचेची नळी जमवून किरण काढू लागला. आणि अवघ्या दोन आठवड्यांत या किरणांचा मुक्काम माणसाच्या तोंडात पडला.

जानेवारी 1896. जर्मनीतल्याच ब्राउनश्वाइग शहरातले दंतवैद्य ओटो वाल्कहॉफ यांनी काचेची फोटोची पट्टी काळ्या कागदात आणि रबरात गुंडाळली, ती स्वतःच्या तोंडात धरली आणि जबड्यावर किरण सोडून घेतले. किती वेळ? 25 मिनिटं! आज जी गोष्ट सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्यात होते, तिला तेव्हा 25 मिनिटं लागली. तोंड उघडं ठेवून, न हलता, न गिळता पंचवीस मिनिटं बसून पाहा म्हणजे कल्पना येईल. दातांचा जगातला पहिला एक्स-रे तो हाच. या कामात त्यांचे साथीदार होते फ्रिट्झ गीझेल नावाचे रसायनशास्त्रज्ञ. पुढे 1927 मध्ये गीझेल यांचं कर्करोगाने निधन झालं. वर्षानुवर्षं हातांवर घेतलेल्या किरणांची ती किंमत होती.

पण 1896 मध्ये किमतीचा विचार कुणाच्या मनात येणार? जग हरखून गेलं होतं. खुणा मात्र त्याच वर्षी दिसू लागल्या होत्या. अमेरिकेतल्या व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठात डॅनियल नावाच्या प्राध्यापकांपुढे एक प्रश्न आला. एका लहान मुलाच्या डोक्यात शिरलेली बंदुकीची गोळी शोधायची होती. मुलावर प्रयोग करण्याआधी त्यांनी आपल्या एका सहकाऱ्याच्या डोक्यावर तासभर किरण सोडून पाहिले. त्या वेळी काही झालं नाही. एकवीस दिवसांनी मात्र किरण पडले होते तेवढ्याच जागेचे केस गळून टक्कल पडलं. हे एकवीस दिवस ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. विस्तव हाताला लागला की हात आपोआप मागे येतो. हे किरण लागताना काहीच लागत नाही. चटका आज, फोड तीन आठवड्यांनी, आणि खरं दुखणं दहा-वीस वर्षांनी. शरीराने सावध करावं अशी सोयच इथे नाही. म्हणून इथे शरीरावर नव्हे, विचारावर विसंबावं लागतं.

हा विचार वेळेवर करणारा माणूस म्हणजे बॉस्टनचे विल्यम रॉलिन्स. जन्म 1852 चा. हार्वर्डमधून दंतवैद्यक आणि वैद्यक अशा दोन्ही पदव्या घेतलेले. दिवसा लोकांचे दात पाहायचे आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या खर्चाने किरणांचे प्रयोग करायचे. 1898 मध्ये त्यांचा स्वतःचा हात किरणांनी भाजला. तेव्हा पुष्कळांचा समज असा होता की भाजतं ते विजेमुळे, किरण बिचारे निर्दोष आहेत. रॉलिन्स यांनी समजावर विश्वास ठेवला नाही. त्यांनी गिनीपिग धातूच्या पेटीत असे ठेवले की वीज त्यांच्यापर्यंत पोचूच नये, फक्त किरण पोचावेत. प्राणी मेले. अंगावर भाजल्याची खूण नसतानाही मेले. 1901 मध्ये त्यांनी हे ‘बॉस्टन मेडिकल अँड सर्जिकल जर्नल’मध्ये जाहीर केलं. हेच नियतकालिक पुढे ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नावाने जगप्रसिद्ध झालं.

रॉलिन्स नुसते ‘धोका, धोका’ असं ओरडत बसले नाहीत. उपायही त्यांनीच सांगितले. पहिला, किरण पाहणाऱ्या डॉक्टरने शिशाच्या जाड काचेचा चष्मा वापरावा. दुसरा, किरणांची नळी अशा पेटीत बंद असावी की एका छोट्या खिडकीखेरीज कुठूनही किरण बाहेर पडू नयेत. तिसरा, रुग्णाच्या शरीराचा जेवढा भाग पाहायचा आहे तेवढाच उघडा ठेवून बाकीचा झाकावा. गाभण गिनीपिगवर किरण टाकले तर पोटातलं पिल्लू दगावतं हेही त्यांनी पाहिलं, आणि गरोदर स्त्रियांच्या ओटीपोटावर किरण टाकताना सावध राहा असं बजावलं. पेटी नीट बंद आहे की नाही हे ओळखण्याची त्यांची युक्ती साधी होती. पेटीशेजारी फोटोची काच ठेवायची. सात मिनिटांत ती काळवंडली नाही, तर पेटी ठीक. आज किरण मोजण्याची अद्ययावत यंत्रं आहेत, पण ‘आधी मोजा, मग विश्वास ठेवा’ हा धडा 1902 च्या सुमारास एका दंतवैद्याने घालून दिला होता.

मग ऐकलं का लोकांनी? नाही ऐकलं. त्याच 1901 साली, त्याच नियतकालिकात, बॉस्टनमधलेच नामवंत शल्यचिकित्सक कॉडमन यांनी उत्तर दिलं की प्रत्यक्ष व्यवहारात एक्स-रेचा काही धोका नाही. कॉडमन काही वाईट माणूस नव्हते. पुढे रुग्णालयांनी आपल्या उपचारांचे निकाल उघड करावेत म्हणून त्यांनीच मोठी लढाई लढली. पण त्या क्षणी त्यांच्यासमोर शेकडो रुग्ण धडधाकट घरी जात होते, आणि रॉलिन्स यांच्याकडे होते मेलेले गिनीपिग. डोळ्यांसमोरचं दृश्य एका बाजूला आणि उद्याची भीती दुसऱ्या बाजूला असली की माणूस बहुधा दृश्याच्या बाजूने जातो. रॉलिन्स यांनी आपली टिपणं 1904 मध्ये स्वखर्चाने पुस्तकरूपात छापली. ते फारसं कुणी वाचलं नाही. त्याच वर्षी थॉमस एडिसन यांचे साहाय्यक क्लॅरेन्स डॅली वारले. किरणांच्या नळ्यांवर काम करता करता त्यांचे दोन्ही हात कापावे लागले होते. एडिसन यांनी त्या धक्क्याने एक्स-रेचं कामच सोडून दिलं.

आता दुसऱ्या माणसाकडे वळू. दक्षिणेकडचं न्यू ऑर्लिन्स शहर. तिथे एडमंड केल्स नावाचे दंतवैद्य होते. विलक्षण हुन्नरी माणूस. दवाखान्यात विजेची उपकरणं आणणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी एक. तोंडातली लाळ आणि रक्त खेचून घेणारी नळी आज प्रत्येक खुर्चीला असते, तिच्या जनकांत त्यांचं नाव घेतलं जातं. अमेरिकेत बायकांनी एकटीने दंतवैद्याकडे जाणं प्रशस्त मानलं जात नसे, त्या काळात त्यांनी 1885 मध्ये मदतीला एक तरुणी नेमली. 1896 मध्ये त्यांनी एक्स-रे यंत्र आणलं आणि जिवंत माणसाच्या दातांचे एक्स-रे काढणारे अमेरिकेतले पहिले दंतवैद्य म्हणून नाव मिळवलं.

त्या काळच्या नळ्या मोठ्या लहरी असत. आत उरलेल्या हवेच्या प्रमाणावर त्यांची ताकद ठरे, आणि ते प्रमाण वापरागणिक बदले. म्हणून प्रत्येक एक्स-रेच्या आधी नळी ‘लावून’ घ्यावी लागे. कशी? डॉक्टर नळीपुढे स्वतःचा हात धरी आणि चमकणाऱ्या पडद्यावर आपल्याच हाताची हाडं पाही. हाडं स्वच्छ दिसली की नळी तयार. आपल्याकडे स्वयंपाक करणारी बाई तव्यावर हात धरून तापला की नाही ते बघते, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की तव्याची धग हाताला लगेच कळते. केल्स यांनी हे वर्षानुवर्षं केलं. रोज केलं. रुग्णांना थोडे किरण मिळाले, त्यांच्या हाताला प्रत्येक रुग्णाच्या आधी मिळत राहिले.

पुढे त्यांच्या बोटांवर जखमा झाल्या, त्या भरेनात. कर्करोग निघाला. आधी बोटं गेली, मग पंजा, मग हात खांद्यापर्यंत. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या. आणि या सगळ्या काळात ते लिहीत होते, बोलत होते. स्वतःवर ओढवलेलं लपवून ठेवलं नाही. त्यांनी कशासाठी आवाज उठवला, हे मात्र मुद्दाम सांगायला हवं.

त्या काळात वैद्यकात एक लाट आली होती. संधिवात असो, पोटाचा विकार असो की मनाचा, सगळ्याचं मूळ दातांखालच्या पुवात आहे असं मोठमोठे डॉक्टर सांगत होते. मग काय, चांगले-वाईट न पाहता दात उपटण्याचा सपाटा सुरू झाला. अख्खी बत्तिशी काढून माणसं बोळकी होऊन घरी जात होती. केल्स यांनी 1920 मध्ये या प्रकाराविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. एक्स-रे न पाहता, पुराव्यावाचून दात काढू नका. कुण्या बड्या डॉक्टरने चिठ्ठी दिली म्हणून तर मुळीच काढू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. पाहा, ज्या किरणांनी त्यांचा हात खाल्ला, त्याच किरणांच्या बळावर ते परक्या माणसांचे दात वाचवत होते. किरण वाईट आहेत, यंत्र फोडून टाका, असं ते म्हणाले नाहीत. कारण असेल तिथे वापरा, कारण नसेल तिथे वापरू नका, एवढंच. 7 मे 1928 रोजी, असह्य वेदनांच्या अखेरीस, त्यांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलै 1928 मध्ये, स्टॉकहोमला जगभरच्या क्ष-किरण तज्ज्ञांची परिषद भरली. किरणांपासून संरक्षणासाठी पहिली आंतरराष्ट्रीय समिती तिथे स्थापन झाली. आजचा आंतरराष्ट्रीय किरण-संरक्षण आयोग हा तिचाच वारस. नियम झाले, पण केल्स यांच्यासाठी उशीर झाला होता. पुढच्या वर्षी, 1929 मध्ये, रॉलिन्सही गेले. 1936 मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात, एका रुग्णालयाच्या आवारात, क्ष-किरणांपायी प्राण गमावलेल्यांचं स्मारक उभं राहिलं. त्यावर सुरुवातीला 169 नावं होती. पुढे ती साडेतीनशेच्या वर गेली. डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ. यंत्राच्या अलीकडच्या बाजूला उभी असलेली ही माणसं.

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर आता मिळालं असेल. डॉक्टर खोलीबाहेर जातात ते तुम्हाला संकटात टाकून नव्हे. तुमचा एक्स-रे वर्षातून एखादा, फार तर दोन-चार. त्यांचे दिवसाला कितीतरी, आणि तेही तीस-चाळीस वर्षं. तुम्हाला मिळतो तो थेंब, त्यांनी तिथेच उभं राहायचं ठरवलं तर थेंबे थेंबे तळं साचेल. केल्स यांच्या हातात साचलं ते हेच. किरणांची तीव्रता अंतराच्या वर्गाने घटते. अंतर दुप्पट केलं की किरण एक चतुर्थांश. म्हणून दोन-तीन पावलं मागे सरणं हे डॉक्टरचं सगळ्यात स्वस्त चिलखत आहे. आणि म्हणूनच रुग्णाच्या तोंडातली फिल्म डॉक्टरने कधीही स्वतःच्या बोटाने धरू नये असा दंडक आहे. मला आठवतं, ऐंशीच्या दशकात फिल्मचं छोटं पाकीट दातामागे सरकवून ‘आता अंगठ्याने दाबून धरा’ असं आपल्यालाच सांगत असत. आता त्यासाठी प्लास्टिकचे धारक आले आहेत. त्याने बोट वाचतं, शिवाय कोन नीट साधतो आणि फोटो पुन्हा काढावा लागत नाही. बिघडलेला फोटो म्हणजे फुकट घेतलेले किरण.

मधल्या काळात पुष्कळ काही बदललं. 1913 मध्ये कूलिज यांची नवी नळी आली, तिने नळ्यांचा लहरीपणा संपवला आणि हात धरून पाहण्याची गरजही संपवली. फिल्म अधिकाधिक संवेदनशील होत गेल्या. 1987 मध्ये फ्रान्समधल्या मूयेन यांनी फिल्मऐवजी इलेक्ट्रॉनिक पट्टी तोंडात ठेवण्याची पद्धत आणली, तिलाच आपल्याकडचे डॉक्टर ‘आरव्हीजी’ म्हणतात. चित्र लगेच संगणकाच्या पडद्यावर येतं. आणखी एक समज इथेच दूर करू. एक्स-रे यंत्र विजेवर चालतं. बटण सुटलं की किरण संपले. खोलीत काही साचून राहत नाही, आपल्या अंगातही ते राहून जात नाहीत.

आता थोडे आकडे, कारण त्यांच्यावाचून भीती आणि बेफिकिरी दोन्ही वाढतात. किरणांची मात्रा मोजण्याचं एकक आहे सिव्हर्ट. त्याचा दहा लाखावा भाग म्हणजे मायक्रोसिव्हर्ट. माती, खडक, आकाश, हवा आणि आपलं अन्न यांतून प्रत्येक माणसाला वर्षाला सरासरी अडीच ते तीन हजार मायक्रोसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे दिवसाला सात-आठ. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर वाळूतल्या मोनाझाइटमुळे ते याच्या कितीतरी पट आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे वस्ती आहे. या तुलनेत आधुनिक यंत्रावर काढलेला एका दाताचा एक्स-रे काही थोड्या मायक्रोसिव्हर्टचा असतो. म्हणजे घरी बसून एका दिवसात मिळतं तेवढंच. अख्खा जबडा दाखवणारा मोठा फोटो, ज्याला ‘ओपीजी’ म्हणतात, साधारण दोन-चार दिवसांइतका. आणि जबड्याचं त्रिमितीय चित्र देणारा स्कॅन मात्र काही दहांपासून काही शेंपर्यंत जाऊ शकतो. ‘दातांचा फोटो’ या एकाच नावाखाली इतकं अंतर आहे.

मग इतक्या थोड्या किरणांसाठी एवढी काळजी कशाला? याचं कारण 1927 मध्ये हरमन मुलर यांनी दाखवलेल्या एका गोष्टीत आहे. क्ष-किरणांमुळे फळमाशीच्या आनुवंशिक गुणांत बदल होतात हे त्यांनी सिद्ध केलं आणि त्याबद्दल त्यांना 1946 चं नोबेल मिळालं. हिरोशिमा आणि नागासाकीतून वाचलेल्या माणसांचा अभ्यास पुढे अनेक दशकं झाला. त्यातून किरण-संरक्षणाच्या नियमांसाठी सावधपणाची एक भूमिका घेतली गेली : मात्रा कमी तर धोका कमी, पण शून्य मात्रेखेरीज धोका अगदी शून्य धरायचा नाही. यावरून 1977 मध्ये त्या आंतरराष्ट्रीय आयोगाने तीन सूत्रं मांडली. पहिलं, किरण वापरायला समर्थनीय कारण हवं. दुसरं, कारण असेल तर काम भागेल इतकेच किरण. तिसरं, किरणांशी काम करणाऱ्यांना आणि इतर जनतेला वार्षिक मर्यादा. रुग्णासाठी मात्र मर्यादेचा आकडा नाही. कारण रुग्णाला गरजच असेल तर दहावा एक्स-रेही योग्य, आणि गरज नसेल तर पहिलाही अयोग्य. म्हणजे रुग्णाचं सगळं संरक्षण पहिल्या दोन सूत्रांवर, खरं तर ‘कशासाठी?’ या एका प्रश्नावर टेकलेलं आहे.

या प्रश्नाचं महत्त्व अलीकडच्या एका निर्णयातून फार छान दिसतं. 2024 च्या सुरुवातीला अमेरिकन दंतवैद्यक संघटनेच्या तज्ज्ञांनी सांगितलं की दातांचा एक्स-रे काढताना रुग्णाला शिशाचा ॲप्रन आणि गळपट्टा घालण्याची आता गरज नाही. ऐकून दचकायला होतं. पण कारण पाहा. किरणांचा झोत आता आयताकृती नळीने इतका आखूड केलेला असावा की तो फिल्मपुरताच पडेल, आणि पट्टी डिजिटल असावी, अशी त्यांची अपेक्षा आहे. तसं केलं तर पोटापर्यंत पोचायला किरण उरतच नाहीत. उलट गळपट्टा मध्ये आला तर फोटो बिघडतो आणि पुन्हा काढावा लागतो. म्हणजे रॉलिन्स यांनी 1901 मध्ये दोन गोष्टी मागितल्या होत्या : झोत छोटा करा आणि रुग्णाला झाका. पहिली नीट पाळली तर दुसरीची गरज उरत नाही, हे कळायला सव्वाशे वर्षं लागली. अर्थात सगळीकडचे नियम आणि यंत्रं सारखी नाहीत. तुमच्या डॉक्टरांनी ॲप्रन घातला तर तो आनंदाने घाला. त्याच तज्ज्ञांचा भर खरा कशावर होता, तर आधी रुग्णाला तपासा, मग एक्स-रे सांगा, या क्रमावर.

हा क्रम सगळ्यात महत्त्वाचा. अमेरिकेतल्या 2012 च्या मार्गदर्शनानुसार, ज्या प्रौढ माणसाला दात किडण्याचा धोका कमी आहे, त्याच्या दाढांचे तपासणीचे एक्स-रे दोन ते तीन वर्षांनी पुरतात. ज्याला धोका जास्त, त्याचे सहा ते अठरा महिन्यांनी. मुलांसाठी वेगळं वेळापत्रक, कारण वाढत्या पेशी किरणांना अधिक नाजूक असतात. म्हणजे ‘सगळ्यांना दर सहा महिन्यांनी’ असा सरसकट हिशेब नाही. माणूस पाहून एक्स-रे, एक्स-रे पाहून माणूस नव्हे.

आपल्याकडे या बाबतीत दोन टोकं दिसतात. एक म्हणतो, ‘डॉक्टर, मोठा फोटो काढून टाका, एकदाच सगळं दिसू दे.’ दुसरा म्हणतो, ‘फोटो-बिटो नको, उगाच बिल वाढवायचे धंदे.’ आमच्या घरी दात दुखला की अम्मी लवंग दाबून धरायला सांगायची. लवंगेने ठणका थांबतो, मुळाशी साचलेला पू थांबत नाही. तो वरून दिसतही नाही. दोन दाढांच्या फटीतली कीड, हाडात अडकलेली अक्कलदाढ, मुळाखालची गाठ, हे डोळ्यांना न दिसणारं सगळं त्या छोट्या सावलीत दिसतं. तिथे भीतीपोटी एक्स-रे नाकारणं म्हणजे केल्स ज्याच्याविरुद्ध लढले, त्याच अंधारातल्या चिमट्याकडे परत जाणं. गरोदरपणातही, खरी गरज असेल तर, दाताचा एक्स-रे वर्ज्य नाही, असं आज प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनाही सांगतात. दातातला जंतुसंसर्ग अंगावर काढण्यात आईचं आणि बाळाचं नुकसान अधिक. फक्त डॉक्टरांना आधी सांगावं.

आपल्या देशात यावर देखरेख करणारं अणुऊर्जा नियामक मंडळ 1983 मध्ये स्थापन झालं. त्याचं मुख्यालय मुंबईत, अणुशक्तीनगरला आहे. दातांची एक्स-रे यंत्रंही त्यांच्या नियमांखाली येतात. पण कुठलंही मंडळ प्रत्येक खुर्चीशेजारी उभं राहू शकत नाही. तिथे असतात दोघंच, डॉक्टर आणि आपण. म्हणून आपण तीन गोष्टी विचाराव्यात. डॉक्टर, या फोटोवरून काय ठरणार आहे? माझा जुना फोटो आहे, तो चालेल का? आणि छोट्या फोटोवर भागेल का? चांगल्या डॉक्टरला हे प्रश्न खटकत नाहीत, उत्तर त्यांच्याजवळ तयार असतं. जुने फोटो फाइलमध्ये, नाहीतर मोबाइलमध्ये, जपून ठेवा. डॉक्टर बदलला तरी दात तेच असतात.

रॉलिन्स यांनी रात्री जागवून जे शोधलं आणि केल्स यांनी हात देऊन जे शिकलं, ते आज आपल्याला सेकंदाच्या एका तुकड्यात, जवळजवळ बिनधोक, मिळतं आहे. त्या दोघांचं आपल्यावर ऋण आहे. ते फेडायला दवाखान्यात घाबरून बसण्याची गरज नाही आणि डोळे मिटून ‘आ’ करण्याचीही नाही. पुढच्या वेळी कुणी ‘एक छोटासा फोटो काढू’ म्हणालं, तर हसून एवढंच विचारा : ‘जरूर काढू डॉक्टर, पण कशासाठी?’